योजना पूर्ण झाली म्हणजे नेमकं काय झालं?

वाचकांचे प्रश्न : गावकारभार

(या सदरात उत्तरं देणाऱ्या ताई नाशिक जिल्ह्यात पंचायत समितीच्या सांख्यिकी विस्तार अधिकारी म्हणून निवृत्त झाल्या आहेत. पत्रलेखकांची नावं छापत नाही, तालुका पुरे.)

प्रश्न : ताई, आमच्या गावात जल जीवन मिशनचं काम झालं. टाकी उभी आहे, घरोघर नळ आहेत. आता 'हर घर जल'चा ठराव ग्रामसभेत घ्या असा निरोप आला आहे. गावठाणात पाणी ठीक येतं. वरच्या वाडीला आठवड्यातून दोनदा येतं आणि मार्चनंतर तेही नाही. ठराव अडवला तर गावाचं नाव जातं, दिला तर वाडीवाले तोंड फिरवतात. काय करू?
– उपसरपंच, त्र्यंबकेश्वर तालुका

उत्तर : ठराव अडवू नका आणि तयार मसुदा आला असेल तर तोही घेऊ नका. तुमचा तुम्ही लिहा.

जल जीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालं. त्यात गाव दोन पायऱ्यांनी 'हर घर जल' होतं. आधी पाणीपुरवठा खातं कळवतं की सगळ्या घरांना नळ दिले. मग ग्रामसभा ठराव करून सांगते की होय, पाणी येतं. ही दुसरी पायरी मुद्दाम ठेवलेली आहे, कारण नळ कोणीही मोजेल. त्याला रोज पाणी येतं की नाही, हे त्या घरातल्या बाईलाच ठाऊक. तिला न विचारता हात वर केलेत तर पुढे कोणी विचारायला येणार नाही. कागदावर तुमच्या गावाचा पाण्याचा प्रश्न संपलेला असेल.

निकष सोपा आहे : माणशी रोज ५५ लिटर, पिण्यालायक, आणि नियमित. पाच माणसांच्या घराला २७५ लिटर, म्हणजे पंधरा लिटरचे अठरा हंडे. आता वाडीत जा, पंधरा लिटरची बादली नळाखाली ठेवा आणि मोबाइलवर वेळ लावा. समजा बादली दोन मिनिटांत भरली आणि पाणी चाळीस मिनिटं राहिलं, तर त्या घराला एका वेळेला ३०० लिटर मिळाले. रोज मिळाले असते तर तक्रारच नव्हती. आठवड्यातून दोनदाच येत असेल तर आठवड्याचे ६०० लिटर. पाच माणसं, सात दिवस, भागाकार करा. माणशी सतरा लिटर. '५५ च्या जागी १७' हे प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे सभेच्या इतिवृत्तात, लिहिलंत की 'वाडीला पाणी कमी येतं' या वाक्याला कागदावर कधी नव्हतं ते वजन येतं.

घरं कोणती मोजायची? नमुना ८ ची, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरपट्टीची, यादी घ्या, चिठ्ठ्या टाका, आणि पाइपलाइनच्या टोकाचं शेवटचं घर चिठ्ठीशिवायच धरा. मी नोकरीत शिकले ते हेच. तपासणीला गेलं की पाहुण्यांना ठरलेल्या गल्लीतून नेतात आणि गल्लीच्या टोकाला चहा तयार असतो. त्या गल्लीत कुठलीच योजना कधी फसलेली नसते.

मोजायला एप्रिल-मे निवडा. श्रावणात तुमच्या डोंगरात पाण्याला कोण विचारतो? जिथल्या अप्पर वैतरणा धरणाचं पाणी मुंबईला जातं, त्याच पट्ट्यात उन्हाळ्यात बायका झिऱ्यावर वाटीवाटीने हंडा भरतात. पावसाळ्यातली तपासणी म्हणजे पावसाचीच तपासणी. आणखी एक : प्रश्न बाईला विचारा, आणि पाणी यायच्या वेळी विचारा. घरातल्या पुरुषाला दुपारी विचारलं तर तो 'येतं की' म्हणतो. खोटं बोलत नाही बिचारा, त्याने कधी भरलेलं नसतं.

मग कारण शोधा, कारण उपाय त्यावर ठरतो. टाकीची उंची वाडीला पुरत नाही, की खाली गावठाणात लोकांनी नळाला थेट मोटरी लावल्यात? पहिलं असेल तर शाखा अभियंत्याचं काम. दुसरं असेल तर तुमचं, आणि ते जास्त अवघड आहे, कारण मोटरवाले तुमचे मतदार आहेत. विहीरच मार्चला तळ गाठत असेल तर उद्भवाचा, म्हणजे पाण्याच्या स्रोताचाच, प्रश्न आहे, मग टाकी कितीही उंच करा. पंपाचं वीजबिल कोण भरतं आणि पाणीपट्टी किती वसूल होते, हेही त्याच बैठकीत पाहा. योजना बांधली जाते सरकारच्या पैशाने आणि बंद पडते वीजबिलाने.

ठराव वाडीवार लिहा. गावठाण : नियमित. वरची वाडी : इतकी घरं, आठवड्यातून दोनदा, माणशी इतके लिटर, अमुक महिन्यानंतर बंद, हे दूर होईपर्यंत गाव प्रमाणित धरू नये. आधी महिलांची ग्रामसभा घ्या, तिच्यात हे मोजमाप मोठ्याने वाचा. गणपूर्तीसाठी मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, जी संख्या कमी ती लागते. वाडीतल्या बायका आल्या तर तेवढी गर्दी सहज होईल. गावाच्या नावाचं म्हणाल, तर वाडी तहानलेली असताना गावाला मिळालेलं प्रमाणपत्र भिंतीवर लावायला तुम्हालाच लाज वाटेल.

प्रश्न : मॅडम, माझा अर्धा दिवस फोटो काढून ॲपवर चढवण्यात जातो. एकच माहिती वेगवेगळ्या पोर्टलवर भरायची, शिवाय व्हॉट्सॲप ग्रुपवर 'तात्काळ' टाकायची. संनियंत्रण म्हणतात ते हेच का?
– ग्रामपंचायत अधिकारी, दिंडोरी तालुका

उत्तर : तुमचं दुखणं खरं आहे, पण ॲपला शिव्या देऊन मी मोकळी होणार नाही. ई-ग्रामस्वराज पोर्टल २४ एप्रिल २०२० ला सुरू झालं. त्याआधी गावाचा जमाखर्च ग्रामसेवकाच्या दप्तरात असायचा आणि दप्तर ग्रामसेवकाच्या घरी. आज पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून गावाने कशावर किती खर्च दाखवला, हे पारावर बसलेलं पोरगं मोबाइलवर पाहू शकतं. हा फायदा लहान नाही.

पण फोटो काय सांगतो? शौचालय अमुक ठिकाणी उभं आहे, एवढंच. आत सरपण रचलंय की कोणी वापरतं, हे अक्षांश-रेखांशाला कळत नाही. त्यासाठी दार उघडावं लागतं.

मला जास्त काळजी वेगळ्या गोष्टीची आहे. अंगणवाडीच्या वजनाच्या नोंदी तपासताना मी आधी दशांश चिन्हानंतरचा आकडा बघायची. खरोखर काट्यावर मोजलेली वजनं ९.२, ११.७, १०.४ अशी वेडीवाकडी पडतात. पानभर शून्य आणि पाच दिसले, की काटा वापरलेला नाही हे पोराला न बघता कळतं. एका ठिकाणी मी सेविकेला विचारलं. काटा बरेच दिवस बिघडलेला होता, तिने तो कळवलाही होता, पण रकाना रिकामा ठेवला तर नोटीस येते म्हणून ती डोळ्याने अंदाज करून भरत होती. आता सांगा, चूक कोणाची धरायची? जो साठ टक्के खरे लिहितो त्याला बैठकीत उभं करतात आणि जो शंभर लिहितो त्याला शाल मिळते. असं असेल तर साठ कोण लिहील? आणि कुपोषित मूल नोंदवहीत सापडलं नाही, तर त्याच्यासाठी ग्राम बालविकास केंद्र कोण उघडेल?

म्हणून माझं मत असं की पहिली सुधारणा वरच्या बैठकीत हवी. कमी आकडा आणणाऱ्याला आधी 'काय अडचण आहे' विचारा. तुमच्या हातात असलेलं सांगते. भरता त्या सगळ्या रकान्यांची यादी करा. प्रत्येकापुढे लिहा : हा आकडा खाली आला तर कोण काय करणार? ज्यापुढे काहीच लिहिता येत नाही आणि जे दोनदा भरावे लागतात, त्यांना खूण करा आणि तो कागद मासिक बैठकीत गटविकास अधिकाऱ्यांना द्या. एकट्याने दिलात तर कुरकुर ठरेल. तालुक्यातल्या दहा-बारा जणांच्या सह्या घ्या.

प्रश्न : मी समाजकार्याच्या पदव्युत्तर वर्गात आहे. प्रबंधासाठी जलयुक्त शिवारचं मूल्यमापन घेतलं. गावकरी म्हणतात पाणी वाढलं, सरकारी लेखापरीक्षण वेगळं म्हणतं. विश्वास कोणावर ठेवू?
– विद्यार्थिनी, येवला

उत्तर : आधी पावसाला विचार, बाळ.

अभियान सुरू झालं डिसेंबर २०१४ मध्ये. २०१५ दुष्काळी. २०१६ ला चांगला पाऊस. २०१८ ला पुन्हा कोरडं, २०१९ ला धो धो. आता २०१५ च्या विहिरीची २०१६ च्या विहिरीशी तुलना केलीस तर ज्या गावात एक दगड हलला नाही तेही यशस्वी ठरेल. २०१६ ची २०१८ शी केलीस तर उत्तम काम झालेलं गावही नापास. दोन्ही प्रकारची सादरीकरणं मी पाहिलेली आहेत, कधीकधी एकाच माणसाची.

साडेनऊ हजार कोटींवर खर्च झालेल्या या अभियानावर भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांचा अहवाल सप्टेंबर २०२० मध्ये विधिमंडळात आला. गावं पाण्याबाबत स्वयंपूर्ण होण्यावर आणि भूजल पातळी वाढण्यावर अभियानाचा फारसा परिणाम दिसला नाही, असा त्याचा सूर होता. तो मूळातून वाच, बातम्यांवरून नको. आणि गावकऱ्यांनाही उडवून लावू नकोस. ज्याच्या शेताला बंधारा लागून आहे त्याचं पाणी वाढलं असेलच. राज्याची सरासरी आणि बंधाऱ्याजवळची विहीर, दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात.

तू जोडगाव शोध. तुझ्या गावासारखाच खडक, तेच महसूल मंडळ म्हणजे पावसाचा आकडा तोच, पण कामं झालेली नाहीत असं शेजारचं गाव. दोन्हीकडे तीच वर्षं घे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा घेते आणि मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून पाहते. त्यांच्याकडून आकडे माग. मग शेतकऱ्याला 'पाणी वाढलं का' असं विचारू नकोस. त्यावर तो तुझ्या चेहऱ्याकडे बघून उत्तर देईल. विचार : उन्हाळ कांदा किती लावला, शेवटच्या दोन पाळ्या मिळाल्या का, टँकर कोणत्या महिन्यात सुरू झाला, मोटर सलग किती वेळ चालते. कांदेकरी शेतकरी पाण्याच्या पाळ्या कधी विसरत नाही.

आणि जे पाणी वाढलं ते गेलं कुठे, हे नक्की पाहा. बंधाऱ्यामुळे विहीर भरली, तिच्यातून उपसून कोणी प्लास्टिकचं शेततळं भरलं, खाली नवी बोअर झाली, तर तीन वर्षांनी सामाईक विहीर पुन्हा कोरडी. बंधारा फसला असं त्यावरून म्हणता येणार नाही. पण गावाला काय मिळालं, या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. ज्याच्याकडे जमीन नाही त्याच्या घरीही जा. तिथे शेततळ्याची गोष्ट कोणी सांगणार नाही, मजुरीचे दिवस वाढले का ते सांगतील.

प्रश्न : कुंभमेळ्यानिमित्त शहरात रस्ते, गटारांची कामं निघतात. आम्ही ज्येष्ठ नागरिक संघाचे सभासद. काम अंदाजपत्रकाप्रमाणे झालं का हे सामान्य माणसाने कसं तपासावं?
– नाशिक शहर

उत्तर : फिरायला जाताच आहात, तर रोज त्याच रस्त्याने जा आणि तारीख घालून वहीत लिहा. खोदलं कधी, खडी कधी पडली, पाणी मारलं का. पुढे कागद हातात आले की या वहीला महत्त्व येतं.

कागद चार : अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तक आणि देयक. सगळी गंमत मोजमाप पुस्तकात असते. कोणत्या दिवशी किती लांबी-रुंदी-जाडी मोजली, ते अभियंत्याच्या सहीने तिथे असतं. कार्यारंभ आदेशात किंवा करारात दोषदायित्वाचा कालावधी पाहा. तोवर रस्ता उखडला तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. पुष्कळ वेळा तोच रस्ता नव्या निविदेत निघतो आणि कोणाच्या लक्षात येत नाही.

लगेच माहिती अधिकाराचा अर्ज टाकू नका. २०१८ च्या अखेरीस राज्य शासनाने स्थानिक संस्था आणि जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ अभिलेख पाहू देण्याचा निर्णय काढला. आधी तिथे जा, बघा, कोणती पानं हवी ते टिपा. नंतर अर्ज. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. 'रस्ता निकृष्ट का झाला?' असं लिहिलंत तर 'ही माहिती नाही' असं उत्तर येईल आणि ते नियमात बसेल. 'अमुक कामाच्या मोजमाप पुस्तकाच्या प्रती द्या' असं लिहा. तीस दिवसांत उत्तर नाही तर पहिलं अपील, तिथेही नाही तर नाशिकलाच माहिती आयोगाचं खंडपीठ आहे. कायद्याच्या कलम २(ञ) मध्ये कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही अधिकार आहे. तो अर्ज करून वापरा. पहार घेऊन स्वतः रस्ता खोदायला जाऊ नका. हसू नका, एका गृहस्थांनी मला हे विचारलं होतं.

गटाराची परीक्षा मात्र कागदावर होत नाही. जूनमधल्या पहिल्या मोठ्या सरीत छत्री घेऊन चौकात उभे राहा आणि पाणी किती वेळात ओसरतं ते लिहा. महापालिका कायद्यात २००९ पासून क्षेत्रसभेची तरतूद आहे. तुमच्या नगरसेवकांना ती बोलवायला सांगा आणि तिथे ही वही वाचा.

प्रश्न : पेसाचा पैसा येतो असं ऐकतो. गावात काय झालं ते समजत नाही. आमच्या गटातल्या बाया फार शिकलेल्या नाहीत.
– बचत गटाच्या अध्यक्ष, सुरगाणा तालुका

उत्तर : शिकलेल्या नसल्या तरी ऐकता येतं ना? पेसा म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा कायदा. त्याच्या कलम ४(च) मध्ये स्पष्ट आहे : पंचायतीने योजनांवर खर्च केलेल्या निधीच्या वापराचं प्रमाणपत्र ग्रामसभेकडून घ्यायचं. म्हणजे खर्च ठीक झाला असं म्हणायचा हक्क तुमचा आहे. म्हणून आधी सांगा, 'वाचून दाखवा.' काम कोणतं, कोणत्या पाड्यावर, किती रुपये, कोणाला दिले. राजस्थानात कोटकिराणा गावी डिसेंबर १९९४ मध्ये मजुरांनी हेच केलं. हजेरीपटावरची नावं भर सभेत मोठ्याने वाचली आणि ज्यांच्या नावावर मजुरी लागली होती ते उठून म्हणाले, आम्ही तर कामावर नव्हतो. पुढे माहितीच्या अधिकाराची चळवळ वाढली त्यात या जनसुनावण्यांचा मोठा वाटा आहे. कामाचं नाव वाचलं की त्या पाड्यावरची बाई उठून सांगेल, झालंय की नाही. तिच्या सांगण्याची नोंद करायला शाळेतल्या एखाद्या मुलीला वही घेऊन बसवा. सगळं वाचून होईपर्यंत प्रमाणपत्रावर हात वर करू नका.

प्रश्न : सरपंच माझे सख्खे दीर आहेत. मी गावातल्या महिला ग्रामसंघाची सचिव. हिशेब विचारला तर घरात अबोला. न विचारला तर बायका मला बोलतात.
– निफाड तालुका

उत्तर : हा प्रश्न मला सगळ्यात आवडला. भाऊजींना घरात काही विचारू नका. स्वयंपाकघरात विचारलेला हिशेब भांडणात जातो. ग्रामसंघाच्या लेटरहेडवर पत्र द्या की दर ग्रामसभेला मागच्या तिमाहीतल्या सर्व कामांचा खर्च वाचून दाखवावा, हा विषय कायमचा पटलावर घ्यावा. एका कामाचं नाव काढू नका, सर्व कामं म्हणा. पत्रावर पोच घ्या. असं झालं की प्रश्न तुमचा राहत नाही, विषयपत्रिकेचा होतो, आणि भाऊजींनाही विरोधकांसमोर 'माझ्या काळात हिशेब वाचला जायचा' म्हणायची सोय होते. वाचून दाखवायचं काम ग्रामपंचायत अधिकाऱ्यांचं, भाऊजींचं नाही, हेही पत्रात असू द्या. सभा संपली की प्रोसिडिंग तिथेच वाचून मग सह्या घ्या. कोऱ्या पानावर सही मागायला कोणी घरी आलं तर त्याला चहा पाजा आणि तसाच परत पाठवा, मग ते भाऊजी का असेनात.